ठरलेला तास आणि आपापली सवड

'ऑनलाइन शिक्षण' हे दोन शब्द उच्चारले, की आमच्या प्राध्यापक-कक्षात आजही दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे, की विद्यार्थी समोर बसलेला नसेल तर ते शिकवणे नव्हेच. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की आता सगळे काही मोबाइलवर मिळते, मग तासाची गरजच काय? या वादात मला एक तिसरेच म्हणणे मांडायचे आहे, आणि ते मांडण्याचा थोडासा अधिकार मला आहे असे वाटते. कारण या प्रकाराच्या दोन्ही बाजूंना मी बसलेलो आहे. २०२०-२१ साली मी द्वितीय वर्ष कला शाखेचा विद्यार्थी होतो. आज तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो, आणि नोकरी सांभाळून पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा पूरक वर्ग ऑनलाइन घेतो.

प्रथम विद्यार्थ्याची बाजू सांगतो.

आमचे गाव मंडणगड तालुक्यात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले आणि आमच्या सुपारीच्या बागेतली बहुतेक झाडे आडवी करून गेले. विजेचे खांब पडले होते. दिवे यायला कित्येक दिवस लागले. पुढे ऑगस्टमध्ये आमचे ऑनलाइन तास सुरू झाले तेव्हा वीज आली होती, पण 'रेंज' घरात नव्हती. ती होती गावामागच्या सड्यावर. तेव्हा भर पावसात छत्री मानेत धरून, करवंदीच्या जाळीला पाठ लावून मी अर्थशास्त्राचे तास ऐकले आहेत. ऐकले म्हणण्यापेक्षा अधूनमधून ऐकू आले म्हणणे अधिक खरे. दहा मिनिटे "आवाज येतोय का?" यात जात, दहा मिनिटे हजेरीत, आणि उरलेल्या वेळात सरांचा चेहरा पडद्यावर गोठून बसे.

यातला दोष कोणा एका व्यक्तीचा नव्हता. दोष होता तो वर्गातले वेळापत्रक उचलून जसेच्या तसे मोबाइलवर ठेवण्यात. ज्यांचे काम हिशोबाशिवाय अडते त्यांच्यासाठी साधा हिशोब मांडतो. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने चित्र येत असेल, तर एका तासाला सुमारे साडेचारशे एमबी खर्च होतात. आम्हांला रोज चार तास असत. म्हणजे १८०० एमबी, अर्थात जवळजवळ पावणेदोन जीबी. आमच्या मोबाइलचे रोजचे पॅक होते दीड जीबीचे! चौथ्या तासाला मी का दिसत नाही, असे मला विचारण्यात आले होते. तेव्हा हा हिशोब मला मांडता आला नव्हता.

पण खरी अडचण याहून निराळी होती. घरात मोबाइल एक आणि शिकणारे दोघे. धाकटी बहीण दहावीला. सकाळी अकराचा तास माझाही आणि तिचाही. पहिल्या दिवशी दोघेही मोबाइलकडे पाहत राहिलो. मग तीच म्हणाली, "दादा, तू बस. मी मैत्रिणीची वही बघते." मी बसलो. दुसऱ्या दिवशी तिने काही म्हटलेच नाही आणि मीही विचारले नाही. त्या वर्षीचे तिचे बीजगणिताचे बहुतेक तास असे माझ्या वाट्याला गेले. ही गोष्ट लिहिताना मला आजही बरे वाटत नाही.

दिवाळीनंतर वारे फिरले. थेट तास जमत नाहीत असे पाहून आमच्या काही विषयांचे तास आधीच ध्वनिमुद्रित होऊन व्हॉट्सॲपवर येऊ लागले. केव्हाही उतरवून घ्या, केव्हाही पाहा. आमच्या घरात तर आनंदीआनंद झाला. सकाळी मोबाइल बहिणीला, रात्री मला. सडा सुटला, छत्री सुटली. पण महिनाभरात माझ्या लक्षात आले, की मी काहीच पाहत नाही. "केव्हाही" या शब्दाची मोठी गंमत आहे; त्याचा अर्थ मनात "आज नको" असाच होतो. न पाहिलेल्या तासांची रास वाढत गेली. जे पाहिले त्यातही काही अडले तर विचारायचे कोणाला? ध्वनिफीत पुन्हा मागे नेली तर ती तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा सांगते.

असे एका वर्षात मी दोन्ही टोके पाहिली. एकात गती दुसऱ्याची होती आणि मी मागे पडलो. दुसऱ्यात गती माझी होती आणि मी थांबूनच राहिलो.

या दोन पद्धतींना शिक्षणशास्त्रात समकालिक आणि असमकालिक अशी नावे आहेत. आपण त्यांना सोप्या मराठीत 'ठरलेला तास' आणि 'आपापली सवड' म्हणू. पहिलीत शिकवणारा व शिकणारे एकाच वेळी हजर असतात. दुसरीत प्रत्येक जण आपल्या वेळी, आपल्या वेगाने शिकतो. हा प्रश्न २०२० साली जन्मला अशी आपली समजूत असते, परंतु तो बराच जुना आहे.

इंग्लंडमध्ये १८४० साली एक पेनीत पत्र कोठेही पाठविण्याची सोय झाली आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकवायला सुरुवात केली. ते पत्राने उतारे पाठवीत, विद्यार्थी ते लघुलिपीत लिहून परत धाडीत, आणि पिटमन ते तपासून पुन्हा पाठवीत. या व्यवहारात महत्त्वाचे काय, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, टपाल नव्हे. तपासून परत येणे. सवड विद्यार्थ्याची होती, पण त्याने लिहिलेल्याची वाट पाहणारे कोणीतरी पलीकडे होते.

दुसरे उदाहरण फ्रेड केलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे. १९६० च्या दशकात ब्राझीलमधील सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एक पद्धत बसवली आणि १९६८ साली 'गुड-बाय, टीचर...' अशा खट्याळ मथळ्याच्या लेखातून ती मांडली. अभ्यासक्रमाचे लहान लहान घटक पाडायचे. विद्यार्थ्याने लेखी साहित्यावरून आपल्या गतीने एक घटक शिकायचा. त्याची चाचणी द्यायची. तो पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. मथळा वाचून वाटेल, की केलरसाहेबांनी शिक्षकाला रजा दिली. तसे मुळीच नाही. प्रत्येक चाचणी लगेच तपासायला, चूक समजावून सांगायला, तो विषय आधी शिकलेले विद्यार्थी सोबत बसत. व्याख्याने होती, पण ती गोडी लावण्यापुरती. ही पद्धत काही काळ बरीच गाजली. तिच्यातली ठळक अडचण कोणती निघाली? चालढकल! गती आपली म्हटल्यावर अनेक विद्यार्थी सुरुवातच करीनात. माझ्या व्हॉट्सॲपवरच्या राशीचे कुळ असे थेट तिथवर जाऊन पोचते.

याउलट ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ पाहा. १९६९ साली त्याला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये शिकवणे सुरू झाले. बी.बी.सी.वरचे कार्यक्रम आणि टपालाने येणारी पुस्तके हा त्याचा एक भाग झाला. पण त्याच्या जोडीला गावोगावी नेमलेले मार्गदर्शक होते आणि उन्हाळ्यात एकत्र राहून करायची शिबिरेही होती. आपल्याकडे १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही नुसती पुस्तके पाठवून हात झटकले नाहीत. अभ्यासकेंद्रे काढली, संपर्कसत्रे ठेवली. आपल्या ओळखीच्या एखाद्या एस.टी. वाहकाने किंवा अंगणवाडीताईने या विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर त्यांना विचारून पाहा. पुस्तकांइतकीच संपर्कसत्रांचीही आठवण निघेल.

संपर्क काढून टाकला तर काय होते तेही दिसून आले आहे. २०११ साली स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अभ्यासक्रम इंटरनेटवर जगाला मोफत खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदवली; पूर्ण केला तो वीस हजारांहून थोड्या अधिक जणांनी. वीस हजार ही संख्या लहान नव्हे, हे मान्य. पण जे मधेच गळले त्यांची चौकशी करणारे कोण होते?

मग दोन्हींची मोट कशी बांधावी? माझ्या अनुभवातून निघालेले सूत्र असे : जे सर्वांना सारखेच सांगायचे आहे ते सवडीकडे द्यावे, जे प्रत्येकाला वेगळे अडते ते तासाकडे आणावे, आणि दोहोंच्या मध्ये विद्यार्थ्याच्या हातचे एक छोटे लेखी काम ठेवावे. हे तिसरे अंग सर्वांत महत्त्वाचे. दरवाजाची दोन फळे कितीही भक्कम असली तरी बिजागरीशिवाय दार होत नाही, तसेच हे.

माझ्या वर्गातला एक आठवडा सांगतो, म्हणजे सूत्र नुसते सूत्र राहणार नाही.

विषय होता मागणीची लवचिकता. शनिवारी मी तीन छोट्या ध्वनिफिती पाठवल्या, प्रत्येकी पाच-सहा मिनिटांच्या. हा आकडा मी मनाने ठरवलेला नाही. २०१४ साली एका मोठ्या ऑनलाइन शिक्षणसंस्थेतील सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या चित्रफितींच्या नोंदी तपासण्यात आल्या. चित्रफीत कितीही लांब असली तरी पाहणाऱ्याचे लक्ष साधारणपणे सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही, असे दिसले. शिवाय मी चित्र पाठवत नाही, आवाज पाठवतो, आणि आकृत्यांचे एक पान वेगळे. सेकंदाला ३२ किलोबिट वेगाच्या आवाजाला तासाभरात जेमतेम १४-१५ एमबी लागतात. सड्यावर न जाताही तो उतरतो.

ध्वनिफितींबरोबर एक गणित दिले : टोमॅटोचा भाव किलोला २० रुपयांवरून २५ रुपये झाला, आणि बाजारातली मागणी १०० किलोंवरून ८० किलोंवर आली, तर लवचिकता किती? उत्तर वहीत लिहायचे, त्याचा फोटो मंगळवारी रात्रीपर्यंत पाठवायचा. एक अट मात्र होती : ध्वनिफीत बंद करून, टिपण मिटून लिहायचे. यालाही आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे असतात. पण आठवडाभराने परीक्षा घेतली तर, एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणारे पुढे जातात. आपल्या आजोबांच्या पिढीचे 'पाटी पुसून पुन्हा लिही' हे तंत्र अगदीच वेडगळ नव्हते तर!

मंगळवारी रात्री मी फोटो पाहत बसलो. भावातली वाढ २५ टक्के, मागणीतली घट २० टक्के; तेव्हा उत्तर ०.८. पुष्कळांनी भागाकार उलटा करून १.२५ काढले होते. हे मला बुधवारच्या तासाआधी कळले, ही या पद्धतीतली पहिली कमाई. नुसत्या थेट तासात "समजलं का?" असे विचारले असते तर "हो सर" एवढेच उत्तर आले असते.

बुधवारी रात्री साडेआठला तास. दुकाने मिटलेली असतात, पाळी संपलेली असते. तासाला मी व्याख्यान देत नाही. पाच-पाचांचे गट करतो आणि उलट्या भागाकाराची चूक त्यांच्यापुढे ठेवतो. त्या दिवशी दहा मिनिटांत ती निस्तरली. मी म्हटले, "०.८ म्हणजे एकाहून कमी. मागणी अलवचिक. तेव्हा भाव वाढला की विक्रेत्याची एकूण मिळकत वाढणार." एवढ्यात भाजीच्या गाळ्यावर काम करणारा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, पण वीस गुणिले शंभर दोन हजार, आणि पंचवीस गुणिले ऐंशी पण दोन हजार. मिळकत तेवढीच राहिली की!"

क्षणभर मी निरुत्तर झालो. आकडे मीच सोयीचे म्हणून निवडले होते, मिळकतीचा गुणाकार मी करून पाहिला नव्हता. मी सरळ कबूल केले, आणि मग सगळ्यांनी मिळून शोध घेतला. २० वरून २५ ही वाढ २५ टक्क्यांची. पण २५ वरून २० ही घट २० टक्क्यांचीच. पाच रुपये तेच, टक्केवारी मात्र कोणत्या पायावर मोजता त्यावर ठरते. मग दोन्ही भावांची सरासरी, साडेबावीस, हा पाया धरला. पाच भागिले साडेबावीस म्हणजे सुमारे २२.२ टक्के. मागणीची सरासरी ९०; वीस भागिले नव्वद, तेही २२.२ टक्के. भागाकार बरोबर एक! लवचिकता एक असली की मिळकत बदलत नाही, आणि गुणाकार तेच सांगत होता. बदल मोठा असेल तेव्हा सरासरीचा पाया का घ्यायचा, हे पाठ्यपुस्तकातले कोरडे वाटणारे कलम त्या रात्री वर्गाला, खरे सांगायचे तर मलाही, नव्याने समजले.

गुरुवारी मी त्यावर चार मिनिटांची नवी ध्वनिफीत केली आणि आधीच्या तिन्हींच्या शेवटी जोडली. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना ती आयती मिळेल. म्हणजे सवडीने तासाला प्रश्न पुरवला आणि तासाने सवडीला उत्तर. माझ्या मते जोड याला म्हणतात. दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून त्यांची जोड होत नाही. एकीचे काम दुसरीवाचून अडले पाहिजे.

आता धोक्याच्या दोन गोष्टी. त्या मी चुकून शिकलो आहे.

पहिली अशी, की जोड करायची म्हणजे भर घालायची नव्हे. सुरुवातीला मी आठवड्याचे चारही तास ठेवले आणि वर ध्वनिफितीही दिल्या. परिणाम असा, की अभ्यासक्रम दीडपट झाला आणि दिवसभर काम करून आलेली मुले दोन्हींना कंटाळली. ध्वनिफिती दिल्या तर तास कमी केलेच पाहिजेत. आज मी आठवड्याला एकच तास घेतो, पण तो चुकवलेला परवडत नाही असा घेण्याचा प्रयत्न करतो.

दुसरी अशी, की तासाला न येऊ शकणारा विद्यार्थी हा नेहमीच आळशी नसतो. कोणाची रात्रपाळी असते, कोणाचे मूल आजारी असते, आणि कोणी आपला मोबाइल दुसऱ्याला दिलेला असतो. म्हणून तासात काय घडले याचे अर्ध्या पानाचे टिपण मी त्याच रात्री पाठवतो, आणि ज्याने लेखी काम पाठवले पण तासाला आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी साधा फोन करतो. त्या फोनला इंटरनेट लागत नाही. पाच मिनिटे लागतात. ज्याने लेखी कामच पाठवले नाही त्याला तर आधी करतो. कारण चालढकलीचा रोग पहिल्या आठवड्यात बरा होतो, महिन्यानंतर होत नाही.

माझे सहकारी म्हणतील, हे सारे पन्नास विद्यार्थ्यांना जमेल, दीडशेंना कसे जमणार? आक्षेप रास्त आहे. दीडशे वह्यांचे फोटो एका माणसाला दर आठवड्याला पाहणे शक्य नाही. पण केलरांनी केले तसे वरच्या वर्गाचे विद्यार्थी मदतीला घेता येतील. किंवा दर आठवड्याला पाळीपाळीने तिसऱ्या हिश्श्याच्याच वह्या पाहता येतील, चुका बहुधा त्याच सापडतात. फुकटात मात्र काही होणार नाही. ध्वनिफीत एकदा केली की शिक्षकाचा पगार वाचेल, असा हिशोब कोणी मनात धरत असेल तर त्याने या लेखातले टोमॅटोचे गणित पुन्हा वाचावे. चूक माझ्या ध्वनिफितीत होती. ती सापडली तासाला.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक सांगणे आहे. सवड ही सुट्टी नव्हे. 'केव्हाही' पाहायचे ते कोणत्या वारी, किती वाजता पाहणार, हे शनिवारीच वहीत लिहून ठेवा. माझी रास ज्या दिवशी हलली त्या दिवशी मी एवढेच केले होते. आणि तासाला येताना "समजलं नाही" असे सांगत येऊ नका; कोठवर समजले आणि कोणत्या ओळीला अडले, ते लिहून आणा.

माझ्या बहिणीच्या वर्षाची दहावीची परीक्षा पुढे २०२१ मध्ये रद्दच झाली आणि शाळेतल्या मूल्यमापनावर निकाल लागले. ती उत्तीर्ण झाली. पण बीजगणिताचे ते दोन धडे तिला अजूनही कच्चे वाटतात, असे परवा गप्पांच्या ओघात म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, सहजच. त्या वर्षी तिच्या शाळेकडे तास होता, ध्वनिफीत नव्हती. माझ्याकडे ध्वनिफीत आली तेव्हा तास नव्हता. दोन्ही एका घरात, एका मोबाइलवर येऊ शकले असते. तेव्हा ते आले नाहीत.

आता दर शनिवारी पुढच्या आठवड्याचे साहित्य पाठवण्यापूर्वी मी एक प्रश्न स्वतःला विचारतो : बुधवारी रात्री साडेआठला जिने आपला मोबाइल भावाच्या हाती दिला असेल, तिला या आठवड्यात काय मिळणार आहे? याचे उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर मी आठवडा पुन्हा मांडायला बसतो.